रेम्ब्रांटच्या त्या छापात खालचा भाग कोरा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर कळेल. डच चित्रकार रेम्ब्रांटचं 'मॉडेलवरून रेखाटन करणारा चित्रकार' हे एचिंग तुम्ही पाहिलंत. (एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईने रेघा काढायच्या, प्लेट अ‍ॅसिडमध्ये बुडवायची आणि खाल्लेल्या रेघांत शाई भरून छापायचं.) वरचा भाग गडद, भरगच्च. खाली मात्र सगळं चार रेघांत उरकलेलं. तुमचे सर म्हणाले, विद्यार्थ्यांना शिकवायला त्याने मुद्दाम तसं ठेवलं. मैत्रीण म्हणाली, खाली अ‍ॅसिड नीट लागलंच नाही. आणि तुम्हाला स्वतःच्या झिंकच्या प्लेटवर हाच अर्धवट परिणाम आणायचा आहे, तर खालचा भाग अ‍ॅसिडमधून लवकर बाहेर काढायचा का, असं तुम्ही विचारलंय.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्याने ते सोडलं का, हा एक. आणि ते केलं कसं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रेम्ब्रांटने कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे तिथे तर्कच करावा लागतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र त्या छापातच उघड्यावर पडलंय, आणि तुमच्या उपयोगाचं तेच आहे. मी कलेतिहासाची अभ्यासक नाही. पंचवीसेक वर्षं एचिंग करते आणि शिकवते, त्यामुळे सांगते ते प्लेट, सुई आणि अ‍ॅसिड यांच्या बाजूने.

आधी चित्रात काय आहे ते एकदा नीट बघू. १६३९ च्या सुमाराचं काम. प्लेटवर साल घातलेलं नाही, म्हणून 'सुमाराचं' म्हणायचं. आकार साधारण २३ बाय १८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वहीच्या पानाएवढा. एक विवस्त्र मॉडेल पाठमोरी उभी आहे, हातात खजुरीची लांब झावळी. तिच्यासमोर खाली बसून, मान वर करून बघणारा चित्रकार. मागे ईझलवर कोरा कॅनव्हास, एक अर्धपुतळा, टांगलेलं हत्यार-सामान. हे सामान कल्पनेतलं असेल असं वाटण्याचं कारण नाही. त्याच १६३९ साली रेम्ब्रांटने आम्स्टरडॅममध्ये योडेनब्रेस्त्राट या रस्त्यावर १३,००० गिल्डरचं घर घेतलं. त्या घराचं कर्ज काही शेवटपर्यंत फिटलं नाही, आणि १६५६ मध्ये दिवाळं निघालं तेव्हा घरातल्या वस्तूंची जी यादी झाली तिच्यात शिरस्त्राणं, शस्त्रं, पुतळे यांची रांगच लागलेली आहे. आता त्या घराचं संग्रहालय झालंय, आणि तिथे एचिंग करून, छापून दाखवतात.

आता मैत्रिणीचं म्हणणं घेऊ, कारण ते तपासता येतं. अ‍ॅसिड कमी लागलेली रेघ कशी दिसते हे तुम्हाला माहीत असेल. ती फिकट असते, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाडी जवळजवळ सारखी, आणि टोकं बोथट. अ‍ॅसिडला हाताचा जोर कळत नाही. सुईने मेण खरवडून धातू उघडा केला की ते सगळीकडे सारखंच खातं. त्या छापाच्या खालच्या भागातल्या रेघा तशा नाहीत. मोठ्या आकाराची प्रतिमा उघडा (आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर अशा प्रतिमा फुकट बघायला मिळतात) आणि मॉडेलच्या पायांकडची एक रेघ धरून तिच्यामागे जा. सुरू होताना केसासारखी, मध्ये मनगटाचा जोर आला की जाड, सुटताना पुन्हा बारीक. ही ड्रायपॉइंटची रेघ आहे, म्हणजे सुईने थेट तांब्यात खरवडलेली. तिचा अ‍ॅसिडशी संबंधच नाही. तेव्हा अ‍ॅसिड लागलं नाही असं नव्हे, खालचा भाग अजून अ‍ॅसिडपर्यंत पोचलाच नव्हता.

खालच्या रेघा म्हणजे कच्चा आराखडा, हे एकदा मान्य केलं की वरचा भाग वेगळाच दिसायला लागतो. वर रेघांवर रेघा आहेत, तिरप्या, आडव्या, एकमेकींना छेदणाऱ्या. त्या सगळ्या माणसांच्या कडेशी येऊन थांबतात. अंधार बाहेरून आत सरकत आलाय आणि जिथे शरीर सुरू होतं तिथे थबकलाय. पांढरा भाग नंतर 'सोडलेला' नाही, तो पहिल्यापासून राखून ठेवलेला आहे. अंधार आधी आणि माणूस शेवटी, असा हा कामाचा क्रम आहे.

एका छापावरून मी हे म्हणत असते तर तुम्ही शंका घ्यायलाच हवी होती. पण १६३५ चं 'मोठी ज्यू नवरी' या नावाने ओळखलं जाणारं त्याचं एचिंग आहे. ते पुढे पूर्ण झालं, तरी त्याच्या पहिल्या अवस्थेचे छाप शिल्लक आहेत. (अवस्था म्हणजे प्लेटवर काम चालू असताना मधेच थांबून काढलेला छाप. काम बदललं की नवी अवस्था.) त्या पहिल्या अवस्थेत बाईचा चेहरा, मोकळे केस आणि मागची भिंत बऱ्यापैकी झालेली आहे, खाली कोरं. म्हणजे प्लेटचा एक भाग जवळजवळ पुरा करायचा, छापून बघायचा, मग पुढे सरकायचं, ही त्याची सवयच दिसते. आपल्याला शाळेत उलटं शिकवतात: सगळीकडे थोडं थोडं, सगळं एकदम वर आणा. रेम्ब्रांट तसं करत नव्हता, निदान या प्लेटांवर तरी.

अंधार आधी का, याचं माझं उत्तर पुस्तकातलं नाही. ते एका फुकट गेलेल्या प्लेटीतून आलंय. दुसऱ्या वर्षाला असताना मी तांदूळ निवडणाऱ्या आजीची प्लेट केली. उत्साहात चेहरा आणि हात आधी केले, एकेक सुरकुती मोजून. छान उतरलं. मग मागचा काळोख करायला घेतला. काळोख हवा म्हणजे खोल रेघ हवी, खोल रेघ हवी म्हणजे अ‍ॅसिडमध्ये जास्त वेळ, आणि जितका जास्त वेळ तितकी ग्राउंड (प्लेटवरचा मेणाचा थर) सुटण्याची भीती. मे महिन्याची दुपार, झिंकची प्लेट, नायट्रिक अ‍ॅसिड जरा तेज, आणि मी चहाला गेलेले. परत येऊन बघते तर ट्रेमध्ये बुडबुड्यांचा फेस, आणि आजीच्या गालावर देवीचे व्रण उठावेत तसे खड्डे. ग्राउंड बारीक बारीक ठिकाणी उचललं गेलं होतं. खड्डे बर्निशरने (धातू दाबून गुळगुळीत करायचं हत्यार) घासायला गेले तर सुरकुत्याही गेल्या. आजी वीस वर्षांनी तरुण झाली आणि कोणाचीच आजी राहिली नाही.

चेहऱ्याची जागा त्या वेळी नुसती कोरी असती तर? तेच खड्डे पडले असते. पण कोऱ्या धातूवरचे खड्डे घासून, दाबून काढता येतात, कारण तिथे जपण्यासारखं अजून काही नसतं. ज्या भागाला सर्वांत जास्त वेळा अ‍ॅसिडमध्ये जायचं आहे तो आधी उरकायचा आणि नाजूक भाग शेवटी उघडायचा, यात कसला सौंदर्यविचार नाही, हा शुद्ध व्यवहार आहे.

दुसरं कारण नजरेचं. प्लेटवर काम करताना आपल्याला चित्र दिसतच नाही. ग्राउंडला काजळी धरलेली असेल तर काळ्या पृष्ठभागावर चमकणाऱ्या रेघा दिसतात, म्हणजे सगळं उलटं. छाप काढेपर्यंत कुठला काळा किती काळा हे नुसतं अनुमान असतं. पण मागचा काळोख एकदा छापून हातात आला की शेजारच्या पांढऱ्याला किती छटा सोसतील हे डोळ्यांना कळतं. आणि बहुतेक वेळा उत्तर येतं: तुला वाटलं होतं त्याच्या निम्म्या. गडद भिंतीपुढे उभ्या माणसाच्या पाठीवर पाच-सात रेघाही पुष्कळ होतात. हे आधी कळलं तर प्लेट वाचते. नंतर कळलं तर स्क्रेपर (रेघा खरवडून काढायचं पातं) घेऊन बसायचं.

आता 'का सोडलं' याकडे. तुमच्या सरांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही, कारण त्याच्या घरी विद्यार्थी पुष्कळ होते आणि अशी प्लेट शिकवायला उत्तम, हे मी माझ्या वर्गात दरवर्षी अनुभवते. पण 'मुद्दाम, त्याचसाठी' हे मला पटत नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये याच प्रसंगाचं पेन आणि तपकिरी वॉशमधलं (पाण्याने पातळ केलेल्या शाईतलं) रेखाटन आहे, आणि ते छापाच्या उलट दिशेचं आहे. छाप प्लेटच्या उलटा येतो, म्हणजे हे रेखाटन प्लेटच्या दिशेचं झालं. प्लेटशेजारी ठेवून सरळ बघत काम करता येईल असं. त्यात वॉशने उजेड आणि सावली कुठे पडणार हेही ठरवलेलं आहे. ज्याला खालचा भाग कोराच ठेवायचा आहे तो त्या भागातल्या सावल्या कशाला सोडवत बसेल? माझ्या मते पूर्ण करायचा विचार होता, मग कुठेतरी राहिलं. आमच्या स्टुडिओत तशा प्लेटा रद्दीच्या कागदात गुंडाळून मांडणीवर पडलेल्या असतात. प्रत्येकीवर कधीतरी परत बसायचं असतं.

फरक एवढाच, की त्याने ती गुंडाळून ठेवली नाही, छापली. जुन्या सूचीत या प्लेटच्या दोन अवस्था नोंदलेल्या आहेत आणि दोन्हींत खालचा भाग कच्चाच आहे. आज आम्स्टरडॅम, लंडन, न्यूयॉर्क इथल्या संग्रहांत तिच्या प्रती आहेत. लाज वाटावी असं काम कोणी असं बाहेर जाऊ देत नाही. हाउब्राकेन नावाच्या चित्रकार-चरित्रकाराने रेम्ब्रांटच्या मृत्यूनंतर सुमारे पन्नास वर्षांनी त्याच्याविषयी लिहिलं, त्यात त्याची अर्धवट कामांची खोड कुरकुरत नोंदवली आहे. तिथेच रेम्ब्रांटचं म्हणणं म्हणून असंही दिलंय, की कलावंताचा हेतू साधला की चित्र पुरं झालं. शब्द खरंच त्याचे होते की नाही ते सोडा, वागणं तसंच होतं. १६५३ च्या सुमाराचं त्याचं संत जेरोमचं एचिंग बघा: सिंह, झाड, मागची घरं सगळं दाट, आणि उन्हात वाचत बसलेला संत स्वतः मात्र पातळ रेघांत. त्याला कोणी अपुरं म्हणत नाही. आपल्या या प्लेटला पुढच्या शतकात 'पिग्मॅलियन' असं टोपणनाव पडलं, स्वतः घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडलेल्या शिल्पकाराच्या गोष्टीवरून. पाठमोरी उभी बाई, खाली विरत गेलेले पाय, समोर टक लावून बसलेला माणूस. लोकांना ती जिवंत होत असलेली मूर्ती वाटली तर त्यात नवल नाही.

हे झालं त्याचं. तुमच्या प्लेटबद्दल माझा सल्ला एका वाक्यात असा: खालचा भाग अ‍ॅसिडमधून लवकर काढू नका, तो अ‍ॅसिडला दाखवूच नका. लवकर काढलात तर तुम्हाला वर म्हटली तशी फिकट, बोथट, एकसारखी रेघ मिळेल आणि बघणाऱ्याला वाटेल की मुलीला वेळ पुरला नाही. तुम्हाला आवडलेला परिणाम दोन वेगळ्या रेघा शेजारी-शेजारी आल्यामुळे झालाय: एक अ‍ॅसिडने खाल्लेली, एक हाताने खरवडलेली.

तेव्हा सगळं रेखाटन आधी कोऱ्या प्लेटवर ड्रायपॉइंटने, हलक्या हाताने, उलट दिशेने उतरवून घ्या. एक छाप काढा आणि समोर भिंतीला लावा. प्लेट केरोसीनने पुसून, खडूच्या भुकटीने घासून वंगण घालवा आणि ग्राउंड पातळ लावा, पण काजळी धरू नका. काजळी नसली की ग्राउंडखालून तुमचा आराखडा दिसत राहतो. रेम्ब्रांटनेही असंच काहीतरी केलं असणार, असा माझा कामावरून बांधलेला अंदाज. मग फक्त मागचा काळोख रेखा. माणसाच्या कडेवर बाह्यरेषा ओढण्याचा मोह आवरा. काळोखाच्या रेघाच तिथे येऊन थांबू देत, कड आपोआप दिसते. खालच्या भागावर, काठांवर आणि प्लेटच्या पाठीवर स्टॉप-आउट (अ‍ॅसिड अडवणारा लेप) लावा. शेलॅक (लाखेचं वार्निश) चालतं, मात्र पुरतं सुकू द्या.

अ‍ॅसिडचं प्रमाण आणि वेळ मी तुम्हाला ठामपणे सांगणार नाही, कारण ते तुमच्या शहरावर, महिन्यावर आणि बाटली किती जुनी आहे यावर ठरतं. झिंकसाठी मी नायट्रिकचा एक भाग आणि पाण्याचे दहा-बारा भाग यापासून सुरुवात करते, मे महिन्यात आणखी पातळ. आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड, कधीही उलट नाही. खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज, आणि चहाला जायचं नाही. त्याच झिंकचा एक तुकडा घ्या, त्यावर रेघा मारून दोन, चार, आठ, पंधरा मिनिटांनी थोडा थोडा झाकत चाचणी-पट्टी करा. रेघांवर बसलेले बुडबुडे पिसाने सारत राहा, नाहीतर रेघ मण्यांच्या माळेसारखी येते. पहिल्या फेरीत हवा तेवढा काळा येणारच नाही. छाप घ्या, पुन्हा ग्राउंड लावा, आधीच्या रेघांना छेदणाऱ्या नव्या रेघा काढा, पुन्हा बुडवा. खोली अशी थरांनी येते, एकाच लांबलचक बुडीने नाही.

तांब्याची प्लेट परवडत असेल तर या कामाला तांबंच घ्या, फेरिक क्लोराइडमध्ये. कारण ड्रायपॉइंटची सुई धातू खरवडते तेव्हा रेघेच्या काठाला धातूची बारीक कोर उठते. तिला आपण बर म्हणतो. बरमध्ये शाई अडकते आणि रेघेला मखमली साय येते. प्रेसखालून गेली की प्रत्येक वेळी ती थोडी चेपते. तांब्यावर वीस-तीस चांगल्या प्रती निघतात, झिंकवर त्याहून खूपच कमी. त्याच्या छापांच्याही सुरुवातीच्या आणि उशिराच्या प्रती शेजारी ठेवल्या तर खालच्या रेघा कशा सुकत गेल्या ते दिसतं.

जाता जाता एक गैरसमज. 'डच मॉर्डंट' (प्लेट खाणारं एक मिश्रण) हे नाव ऐकून मुलं समजतात की रेम्ब्रांट तेच वापरत होता, आणि मग ते मिश्रण करायचा हट्ट धरतात. त्यात पोटॅशियम क्लोरेट लागतं, आणि तो क्षार फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोलेने तयार केला अठराव्या शतकाच्या अखेरीला. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला. त्याच्या काळातली एक प्रसिद्ध कृती फ्रेंच एचिंगकार अब्राहम बॉसने १६४५ च्या पुस्तकात दिली आहे: शिरका, मीठ, नवसागर आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज). वाण्याच्या दुकानातली यादी वाटते, पण तांबं खाते. तुम्ही मात्र या दोन्हींच्या नादी लागू नका. क्लोरेटचं मिश्रण करताना क्लोरीन सुटतो आणि तो फुप्फुसांना सोडत नाही.

शेवटचं काम पुसण्याचं. वरचा भाग तारलेटनने (जाळीदार कडक कापड) नेहमीसारखा पुसा, थोडा शाईचा पडदा राहिला तरी काळोखाला बरंच. खालच्या भागात तो पडदा नको, कागदाचा पांढरा स्वच्छ यायला हवा. पण म्हणून तिथे तळहात जोराने फिरवू नका. पातळ कागदाचा सपाट तुकडा ठेवून, रेघांच्या दिशेने, हलकेच शाई उचला. पहिल्या दोन छापांतच बर घासली गेली तर तुमच्याकडे वर भरगच्च काळोख आणि खाली पेन्सिलीचे ओरखडे उरतील, आणि तेव्हा मात्र तुमची मैत्रीण म्हणेल ते खरं ठरेल.